एका रिपोर्टवर नऊ महिन्यांची इंजेक्शने नकोत

मा. संपादक,
स. न.

वारंवार होणारे गर्भपात आणि त्यामागच्या अँटीबॉडी हा विषय हल्ली आरोग्य पुरवण्यांत आणि वंध्यत्व केंद्रांच्या जाहिरातींत सारखा दिसतो. त्यात एक गोष्ट हटकून सांगायची राहते. या अँटीबॉडी रक्तात सापडणे वेगळे आणि त्यांच्यामुळे गर्भ जाणे वेगळे. या दोहोंत फरक कसा करायचा याची पद्धत ठरलेली आहे. ती पाळली जात नाही, त्यामुळे ज्या बायकांना उपचार हवा त्या निसटतात आणि ज्यांना नको त्या रोज पोटात सुई टोचून घेत राहतात. आम्ही काही जण प्रसूती विभागात आणि काही जण रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत याच कामात आहोत, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आजाराचे नाव अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. बोलताना सगळे ‘एपीएलए’ म्हणतात. १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ग्रॅहम ह्यूज यांनी रक्ताच्या गुठळ्या, गर्भपात आणि या अँटीबॉडी यांची सांगड घातली. शरीर स्वतःच्याच रक्तातल्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी बनवते. हे प्रथिन पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिडांना चिकटते, आणि अँटीबॉडी तिथे येऊन बसतात. वारेच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन गर्भाचे पोषण तुटते, असा समज बरीच वर्षे होता. उशिरा गेलेल्या गर्भांच्या वारेत तसे दिसतेही. मात्र सहाव्या-सातव्या आठवड्यातला गर्भपात गुठळीने समजावता येत नाही. तिथे अँटीबॉडी वार घडवणाऱ्या ट्रोफोब्लास्ट पेशींवरच थेट बसतात, त्यांना गर्भाशयाच्या अस्तरात खोल रुजू देत नाहीत आणि कॉम्प्लिमेंट ही दाहयंत्रणा चेतवतात. हेपरिन हे रक्त पातळ करणारे इंजेक्शन गुठळी तर रोखतेच, पण हे कॉम्प्लिमेंटही आवरते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणून गुठळी नसतानाही ते उपयोगी पडत असावे.

दहा आठवड्यांच्या आत एकच गर्भपात झाला म्हणून ही तपासणी करू नये. दिवस राहिल्याचे कळलेल्या १०० गर्भधारणांपैकी सुमारे १५ आपोआप थांबतात आणि पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतच दोष असतो. त्याला ना अँटीबॉडी जबाबदार, ना जिना चढणे, ना पपई. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांत मात्र सुमारे १५ टक्क्यांमध्ये या अँटीबॉडी सापडतात, आणि उपचाराने ज्याचा निकाल बदलतो अशा मोजक्या कारणांपैकी हे एक आहे. रूढ निकषांनुसार तपासणी कोणाची? दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन गर्भपात झालेली. दहा आठवड्यांनंतर, बाळाची ठेवण व्यवस्थित असताना, एकदा जरी ठोके बंद पडलेली. किंवा रक्तदाब तीव्र वाढल्याने अथवा वार अपुरी पडल्याने ३४ आठवड्यांच्या आत जिची प्रसूती करावी लागली ती. युरोपीय मार्गदर्शक सूचना दोन गर्भपातांनंतरच तपासा म्हणतात. पस्तिशीच्या बाईला तिसऱ्याची वाट पाहायला लावणे आम्हालाही पटत नाही. अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांनी २०२३ मध्ये निकष नव्याने मांडले; त्यात वार अपुरी पडणे आणि तीव्र रक्तदाब यांना मोठे वजन आहे, नुसत्या लवकरच्या गर्भपातांना फार कमी. ते निकष संशोधनासाठी आहेत, त्यांच्यावर बोट ठेवून एखादीला उपचार नाकारण्यासाठी नाहीत.

इथे पहिली चूक होते ती इतिहास लिहिताना. ‘तिसऱ्या महिन्यात पडले’ एवढ्याने काही कळत नाही. पाळीच्या हिशोबाने अकरावा आठवडा असतो, पण सोनोग्राफीत गर्भाची लांबी सहा आठवड्यांचीच असते. म्हणजे गर्भ महिनाभर आधीच थांबलेला असतो. म्हणून प्रत्येक गर्भपाताचा सोनोग्राफीचा कागद जपून ठेवावा, त्यावर गर्भाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि ठोके कधी दिसले होते का, हे असते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी क्युरेटिंग करावे लागले तर निघालेला गर्भाचा भाग गुणसूत्र तपासणीला पाठवावा, तो निर्जंतुक सलाइनमध्ये. सवयीने तो फॉर्मलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात, मग कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचे चित्र, निघत नाही आणि सर्वांत मोलाचा पुरावा वाया जातो. हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी) हवा तर दुसरा तुकडा वेगळ्या बाटलीत घालावा.

आता रक्ताची तपासणी. ती एक नसून तीन आहेत: ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. शेवटच्या दोन आयजीजी आणि आयजीएम अशा प्रत्येकी दोन प्रकारांत मोजतात. खर्च वाचवायचा म्हणून बऱ्याचदा फक्त अँटीकार्डिओलिपिन सांगितली जाते. पण गर्भाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी तपासणी ल्युपस अँटीकोॲग्युलंट, आणि सर्वांत सहज बिघडणारीही तीच. (ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस हा आजार झाला, असे मात्र नाही.)

ही तपासणी घोणसीच्या विषावर चालते. त्या विषातला एक घटक रक्त गोठवण्याच्या साखळीतला दहावा घटक थेट जागा करतो. प्रयोगशाळेत हे विष अतिशय पातळ करून, मोजून-मापून फॉस्फोलिपिड घातलेल्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) मिसळतात आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. अँटीबॉडी असतील तर त्या ते थोडेसे फॉस्फोलिपिड अडवून बसतात आणि वेळ लांबते. मग बाईच्या प्लाझ्मात निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून पुन्हा बघतात. वेळ सुधारली तर कुठला तरी घटक कमी होता, नाही सुधारली तर काहीतरी अडवणारे आहे. शेवटी फॉस्फोलिपिड भरपूर घालतात. तेव्हा वेळ सुधारली तर अडवणारी अँटीबॉडी हीच. यासोबत ल्युपस अँटीकोॲग्युलंटला संवेदनशील अशी एपीटीटी ही रक्त गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी चाचणीही करायची असते, आणि दोहोंपैकी एक पॉझिटिव्ह आली तरी पुरते. नेहमीच्या शस्त्रक्रियेआधीची एपीटीटी नॉर्मल आहे म्हणून ही तपासणी टाळता येत नाही.

बिघडते कुठे? बहुधा नमुना घेताना. रक्त निळ्या झाकणाच्या, ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असलेल्या नळीत, खुणेपर्यंत भरून घ्यावे लागते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, हे प्रमाण बदलले की सेकंदांचा हिशोब चुकतो. अर्धी नळी भरून आली तर प्रयोगशाळेने नमुना परत पाठवावा, चालवून घेऊ नये. चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करायचा, आणि तोही दोनदा सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली येतात. हा दुसरा फेरा सर्रास गाळला जातो. तसा नमुना गोठवून मुंबई-पुण्याला धाडला की उरलेल्या प्लेटलेट फुटतात, त्यांच्यातले फॉस्फोलिपिड बाहेर येऊन अँटीबॉडीला गिळून टाकते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमधून साधे बर्फाचे पॅक लावून दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या अखंड रक्तावर ही तपासणी करण्यात अर्थ नाही. अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ यांचे तसे नाही. त्या सीरमवर (गोठलेल्या रक्तातून सुटलेल्या द्रवावर) होतात, प्रवास सहन करतात आणि हेपरिनने बिघडत नाहीत. उपाशीपोटी मात्र यातल्या कशासाठीच जावे लागत नाही.

वेळेचेही तसेच. गरोदरपणात आणि गर्भपातानंतर लगेच रक्तातले गोठवणारे घटक, विशेषतः आठवा, वाढलेले असतात. एपीटीटी आखडते आणि अँटीबॉडी झाकली जाते. म्हणून गर्भपातानंतर किमान सहा आठवडे थांबून तपासावे. हेपरिन चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान १२ तासांनी रक्त द्यावे आणि ते फॉर्मवर लिहावे. वॉरफरिन किंवा रिव्हारोक्साबॅनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ल्युपस अँटीकोॲग्युलंट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. ॲस्पिरिनने फरक पडत नाही. नुकत्याच होऊन गेलेल्या संसर्गानंतर या अँटीबॉडी तात्पुरत्या वाढतात आणि ओसरतात. ताप येऊन गेला असेल तर तपासणी पुढे ढकलावी.

याच ओसरण्यामुळे बारा आठवड्यांचा नियम आला. १९९९ मध्ये छापलेल्या साप्पोरो निकषांत हे अंतर सहा आठवडे होते. २००६ च्या सिडनी सुधारणेत ते बारा केले. एकदा पॉझिटिव्ह आलेली तपासणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली तरच निदान. आणि पॉझिटिव्ह म्हणजे किती? बऱ्याच किटांची सीमा १० ते २० युनिटच्या दरम्यान असते, त्यामुळे १६ आकडा आला तरी रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ छापले जाते. निदानासाठी मध्यम ते जास्त पातळी लागते, म्हणजे ढोबळमानाने ४० युनिटच्या वर. २०२३ च्या निकषांत ४० ते ७९ मध्यम आणि ८० पासून जास्त. एकट्या आयजीएमला आयजीजीइतके महत्त्व नाही. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेली बाई सर्वांत धोक्यात, आणि तिला प्रसूतितज्ज्ञासोबत संधिवात किंवा रक्तविकार तज्ज्ञाचीही गरज असते. १६ युनिट आयजीएम एकदाच आलेल्या बाईला यांतल्या कोणाचीच गरज नसते. दुसरी तपासणी मात्र त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण किट बदलले की आकड्यांची तुलना होत नाही.

जाता जाता एक गोष्ट. गरोदरपणात सिफिलिससाठी सरसकट होणाऱ्या व्हीडीआरएल तपासणीत वापरले जाणारे द्रव्य कार्डिओलिपिनच असते. त्यामुळे या अँटीबॉडी असलेल्या बाईची व्हीडीआरएल गुप्तरोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचए ही सिफिलिसची पक्की तपासणी करून खात्री करण्याआधी नवरा-बायकोसमोर ‘सिफिलिस’ हा शब्द उच्चारला गेला की पुढचे घरातले रामायण सांगायला नको. टीपीएचए निगेटिव्ह आणि व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, आणि त्यातून गर्भपाताचा इतिहास, ही तर एपीएलए तपासण्याची सूचनाच समजावी.

जे करू नये त्याची यादी करण्याजोगेच लांब बिल हल्ली रुग्णांच्या हाती असते. टॉर्च (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांच्या) तपासणीला वारंवार गर्भपातात स्थान नाही. त्यातली आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी होऊन गेलेला संसर्ग, आणि तो पुन्हा पुन्हा गर्भ पाडत नाही. एएनए ही पेशीकेंद्राविरुद्धची अँटीबॉडी १:४० या पातळीला निरोगी माणसांतही चौघांत एकाच्या आसपास सापडते. एमटीएचएफआर जनुकाची तपासणी, रक्तातल्या एनके या रोगप्रतिकारक पेशींची मोजणी, यांवरून उपचार ठरवायला आधार नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याची ‘इम्युनोथेरपी’ अजून विकली जाते. अमेरिका-कॅनडातल्या १९९९ च्या चाचणीत ती घेतलेल्या बायकांना मूल होण्याचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा कमीच निघाले, तरी ती विकली जाते. थायरॉइडच्या टीपीओ अँटीबॉडी असतील आणि टीएसएच नॉर्मल असेल तर थायरॉक्सिनने फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये ९५२ बायकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूल होण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ३७.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३७.९ टक्के होते. टीएसएच खरोखर वाढलेले असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गोळी हवीच. आणि नवरा-बायकोचा रक्तगट एकच असल्याने गर्भ पडतो, हे निव्वळ थोतांड.

निदान पक्के झाले की उपचार साधा आहे. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम रोज जेवणानंतर, शक्यतो गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करतानाच. लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह आली की हेपरिनची जोड. एनॉक्सापरिन हा हेपरिनचाच प्रकार ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, वजन ५० किलोच्या आत असेल तर २०, ९० च्या वर असेल तर ६०. परवडत नसेल तर साधे हेपरिन ५,००० युनिट दिवसातून दोनदा. ते स्वस्त, पण प्लेटलेट घटण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका त्यात जास्त, म्हणून पहिले दोन आठवडे प्लेटलेटची मोजणी चुकवू नये आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व चालू ठेवावे. हेपरिन वार ओलांडत नाही, बाळापर्यंत जात नाही. वॉरफरिन जाते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळात व्यंग निर्माण करू शकते, म्हणून पूर्वी गुठळी झाल्याने ते घेणाऱ्या बाईने पाळी चुकताच डॉक्टर गाठावा. तिला हेपरिनही प्रतिबंधक नव्हे, वजनानुसार पूर्ण मात्रेत लागते.

या जोडीला आधार काय? लंडनमध्ये ९० बायकांवर झालेल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के आणि ॲस्पिरिनसोबत हेपरिनवर ७१ टक्के बायकांना जिवंत मूल झाले. नंतरच्या काही चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही, नुसत्या ॲस्पिरिनवरही निकाल बरे आले. तेव्हा हा आकडा ब्रह्मवाक्य मानू नये, पण आज जगभर हीच जोडी पहिली दिली जाते. स्टिरॉइड मात्र सरसकट देऊ नये. टोरांटोच्या १९९७ च्या चाचणीत प्रेडनिसोन आणि ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ६२ टक्के बाळे अपुऱ्या दिवसांची झाली, न घेणाऱ्यांत १२ टक्के. आणि मूल हाती लागण्याचे प्रमाण काही लक्षणीय वाढले नाही.

इंजेक्शन घरी घेता येते, शिकवायला दहा मिनिटे पुरतात. नाभीपासून किमान ५ सेंटिमीटर दूर, पोटाच्या बाजूला, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत. औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही. तयार सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, नाही तर औषधाचा थेंब वाया जातो. नंतर चोळायचे नाही. पोटावर निळे-जांभळे डाग पडतात ते बहुधा चोळल्यानेच, आणि घाबरून बायका इंजेक्शन बंद करतात. रोज बाजू बदलावी. पोट मोठे झाले तरी बाजूला घेता येते, नको वाटले तर मांडीत घ्यावे. वापरलेली सिरिंज कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात द्यावी.

हेपरिन चालू आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. या बायकांत उशिरा रक्तदाब वाढणे आणि बाळाची वाढ खुंटणे ही खरी चिंता असते. प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन, २० ते २४ आठवड्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), पुढे दर तीन-चार आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी. कळा सुरू झाल्या की पुढचे इंजेक्शन घ्यायचे नाही. पाठीतली भूल द्यायची तर प्रतिबंधक डोसनंतर १२ तास गेलेले हवेत, म्हणून शेवटचे इंजेक्शन किती वाजता घेतले ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहावे. प्रसूतीनंतर सहा आठवडे गुठळीचा धोका उलट जास्त असतो, म्हणून इंजेक्शने तोवर चालू ठेवणे बहुतेकींना आवश्यक असते. स्तनपानाला अडचण नाही. पुढे पाळणा लांबवण्यासाठी तांबी चालते; इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या कधीच चालत नाहीत, आणि हे मेडिकलच्या काउंटरवर कोणी विचारत नाही.

आता ज्यांना निदान नाही त्यांच्याविषयी. कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातात ॲस्पिरिन आणि हेपरिनचा उपयोग होत नाही, हे नेदरलँड्समधल्या २०१० च्या चाचणीत दिसले: काहीच औषध नसलेल्या गोळीवर ५७ टक्के, नुसत्या ॲस्पिरिनवर ५०.८ आणि दोन्हींवर ५४.५ टक्के बायकांना मूल झाले. फॅक्टर फाइव्ह लीडनसारखे गोठण्याचे आनुवंशिक दोष असलेल्यांतही २०२३ च्या चाचणीत हेपरिन घेणाऱ्या ७२ टक्के आणि न घेणाऱ्या ७१ टक्के. म्हणजे अशा बाईला मूल झाले की श्रेय इंजेक्शनाला जाते, आणि तिच्या जावेला, बहिणीलाही मग तीच हवी असतात. डॉक्टरांनाही ‘काहीच देत नाही’ असे म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तरी तेच म्हणायला हवे.

प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना विनंती अशी की रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ एवढेच न छापता आकडा, युनिट, किटचे नाव, सीमा, नमुना दोनदा सेंट्रिफ्यूज केला की नाही आणि रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या औषधावर होती का, हे छापावे. खाली एक ओळ घालावी: १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा. जिल्हा रुग्णालयांत सेंट्रिफ्यूज असतेच. तिथेच प्लाझ्मा दोनदा फिरवून उणे ७० अंशांवर गोठवून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात धाडण्याची सोय झाली तर गडचिरोली-नंदुरबारच्या बाईला या एका तपासणीसाठी मुंबई गाठावी लागणार नाही. एनॉक्सापरिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते ग्रामीण रुग्णालयांच्या फ्रिजबाहेरच्या साध्या कपाटातही, २५ अंशांच्या आत, राहते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होणाऱ्या गरोदर बायकांच्या तपासणीत आधीचा गर्भ कितव्या आठवड्यात गेला हा एक रकाना भरला गेला तरी यांतल्या कितीतरी जणी वेळेत सापडतील.

आपले,
प्रसूती आणि रक्ततपासणी क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर